बाबाजींचे हुकूम

"ओ बाई! पिशवीवाल्या बाई! जेवायला या."

मी वळून पाहिलं. गुरुद्वाराच्या फाटकात निळ्या पगडीतले, पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे सरदारजी उभे होते, आणि रस्त्यावर त्या वेळी पिशवीवाली बाई मी एकटीच होते.

"मला म्हणताय?"

"तुम्हालाच. डाळ झालीय, प्रशादे गरम हायत."

लंगरातल्या पोळीला प्रशादा म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. जेवायला हाक मारणं मात्र कळलं आणि ते मला झोंबलं. "मी काही भिकारीण नाही," मी म्हटलं.

"भिकारी मी हाय," ते म्हणाले. "सकाळपासून उपाशी हाय. कुणी जेवल्याबिगर मला जेवता येईना. कवापासून उभा हाय इथं, एक ट्रकवाला थांबंना. दोन घास खा, म्हणजे मी सुटतो."

"तुम्ही जेवा की. तुम्हाला कोण अडवतंय?"

"एकट्यानं खाल्ला तर त्याला लंगर कसं म्हणायचं? तो माझा सैपाक झाला."

खोलीवर जाऊन स्टोव्ह पेटवायचा कंटाळा आला होताच. मी चपला काढल्या, नळावर पाय धुतले, त्यांच्या सांगण्यावरून डोक्यावर पदर घेतला आणि सतरंजीच्या लांबलचक पट्टीवर जाऊन बसले. पट्टी पन्नासेक माणसांची असावी. त्यावर मी एका टोकाला. पोळीसाठी मी एक हात पुढे केला तर ते पोळी घेऊन नुसते उभे राहिले.

"दोन्ही हात. देणारा मी न्हाई."

मी दोन्ही हात पुढे केले. मग ते माझ्याच पट्टीवर, माझ्याच ओळीत बसून जेवले. माझं आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मिस्टर काय करतात तेही विचारलं नाही. त्या फाट्यावर आल्यापासून हे न विचारता माझ्याशी बोललेला तो पहिला माणूस.

ट्रंक कॉलचे ते शेवटचे दिवस. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते आणि बदली मागून उन्हाळ्यात पिंपळगव्हाण फाट्यावर आले होते. आले कशाला, तर तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. सासर सोडलं होतं. लेक जन्मून आठवड्यात गेली, आणि तिच्या जाण्याचा दोष त्या घरात माझ्या नावावर लागला. माहेरी भाऊ काही बोलला नाही, पण वहिनीनं माझी गादी माळ्यावर टाकली ती परत काढली नाही. फाट्यावरच्या घरमालकीणबाईंना मी मिस्टर दुबईला असतात असं ठोकून दिलं होतं. दिवसभर कानाला हेडफोन लावून जगातल्या सगळ्या माणसांना एकमेकांशी जोडून द्यायचं आणि संध्याकाळी खोलीवर येऊन भिंतीकडे बघायचं, असा माझा दिनक्रम होता. मी फार एकटी होते, आणि त्याची मला लाजही वाटायची.

दुसऱ्या दिवशी मी आपणहून गेले. तिसऱ्या दिवशी लवकर गेले. मग ते रोजचंच झालं.

बाबाजींचं नाव लाभसिंग. नांदेडकडचे, तिथल्या जुन्या शीख घरातले, त्यामुळे मराठी आपल्यासारखंच बोलायचे. उमेदीची वर्षं ट्रकच्या बॉडी रंगवण्यात गेली. बायको वारलेली, मूलबाळ नाही. एके काळी फाट्यावर शिखांची बरीच घरं होती, त्यांनीच हा गुरुद्वारा बांधला. मग बायपास झाला आणि मोठा रस्ता गावाला वळसा घालून गेला. गॅरेजं, बॉडीवाले, ढाबे सगळे उठून तिकडे गेले. मागे राहिले केशरी निशाण, एक मोठं दालन आणि बाबाजी.

"इथे देव कुठला?" मी पहिल्या आठवड्यातच विचारलं. दालनात मूर्ती नव्हती, तसबीर नव्हती. चांदव्याखाली एका पालखीत रेशमी रुमालांत गुंडाळलेला जाडजूड ग्रंथ तेवढा होता.

"देव एकच. त्याला रूप न्हाई, मग मूर्ती कुणाची करायची?"

"मग हे?"

"हे गुरू. दहावे गुरू सांगून गेले, आता ह्यापुढं माणूस गुरू न्हाई. ही वाणी गुरू." त्यांनी पदराकडे बोट केलं तसा मी तो सावरला. "पहाटे त्यांना उठवायचं, दिवसभर त्यांच्यापाशी राहायचं, संध्याकाळी डोक्यावर घेऊन आतल्या खोलीत निजवायचं."

"ग्रंथाला निजवता?"

"राजा थकंना व्हय?" असं म्हणून ते दाढीतल्या दाढीत हसले. ते थट्टा करताहेत की खरंच बोलताहेत ते त्यांच्याबाबतीत कधी कळायचं नाही. धर्म म्हणजे काय असं एकदा खोदून विचारलं तर म्हणाले, "नाव घ्यावं, घाम गाळून कमवावं, हाय त्यातलं वाटून खावं. ह्याच्यावर जे काय हाय ते मला झेपंना."

संध्याकाळचा पाठ झाला की आम्ही दोघं उभं राहून हात जोडायचो आणि ते अरदास म्हणायचे. शेवटी सगळ्या जगाचं भलं मागायचे. मग रुमाल बाजूला करून ग्रंथ उघडायचे, कुठेही. जे पान उघडेल त्याच्या डाव्या हाताला वर जे पद असेल ते वाचायचं. तो त्या दिवसाचा हुकूम. गुरूंनी आज आपल्याला काय सांगितलं ते. वाचून झालं की बाबाजी मला त्याचा अर्थ मराठीत सांगायचे.

मी देवाधर्माची बाई नव्हे. लेक गेल्यापासून तर नाहीच. पण हा हुकूम मला चटका लावून गेला तो भाऊबीजेला. त्या दिवशी मी बोर्डावर बसून सबंध जिल्ह्याचे भाऊ-बहीण जोडून दिले. आमच्या गावची लाइन तीनदा लागली, तिन्ही वेळा दुसऱ्या कुणासाठी. संध्याकाळी पाय ओढत गुरुद्वारात गेले. बाबाजींनी पान उघडलं, वाचलं आणि म्हणाले, "आज सांगितलंय की ज्याला कुणी न्हाई, त्याचा तो हाय. ज्याला कुणी मान देईना, त्याचा मान तो."

मी पदरात तोंड खुपसून रडले. ते चुलीकडे निघून गेले आणि बराच वेळ भांडी वाजवत राहिले.

त्यानंतर हे असंच होत गेलं. एक्स्चेंजमध्ये साहेबांशी कडाक्याचं भांडण करून आले त्या दिवशी हुकूम निघाला की मनात राग धरू नये, तो धरणाऱ्यालाच खातो. तापानं फणफणत होते तेव्हा निघाला दुखण्यावरच्या औषधाचा. मी चकित व्हायचे. एवढ्या मोठ्या ग्रंथातलं नेमकं माझंच पान कसं उघडतं? माझ्यावर कुणाचं तरी लक्ष आहे, असं मला आतून वाटायला लागलं. कुणाला सांगितलं नाही, पण त्या आधारावर मी सकाळी उठत होते.

मी बाबाजींच्या मागे लागून गुरुमुखी शिकायला घेतलं. ते पिठात बोटानं काढून दाखवायचे तशी पस्तीस अक्षरं पाठ झाली, काना-मात्रा जमू लागल्या. अर्थ कळत नव्हता, पण ओळीवरून बोट फिरवत कसंबसं वाचता यायचं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शहरातून प्रीतपालसिंग यायचे. त्यांच्या वडिलांनी गुरुद्वाराला जागा दिली होती, आणि शहरातल्या मोठ्या गुरुद्वाराच्या कमिटीत ते होते. गाडीतून पिठाची आणि डाळीची पोती आणायचे. माणूस चांगला, पण बोलायला सरळ. माघात ते आले तेव्हा मी लंगरात भांडी घासत होते, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"बाबाजी, संगत राहिलेली नाही. एक या मॅडम सोडल्या तर कोण येतं? कमिटीत सगळे विचारतात. गुरुमहाराजांची सेवा मर्यादेनं, सगळ्या रीतीप्रमाणे होते तोवर मी काही बोलणार नाही. पण ज्या दिवशी होणार नाही, त्या दिवशी त्यांना शहरात घेऊन जावं लागेल."

"होते सेवा," बाबाजी म्हणाले.

गाडी गेल्यावर ते माझ्याशेजारी येऊन बसले. "ग्रंथसाहिब गेले तर ह्या नुसत्या भिंती राहतील, बेटी. नि मला पहाटे उठायला काय कारण ऱ्हायलं?" एवढंच म्हणाले आणि घासलेली परात पुसायला घेतली. ती मी आधीच पुसली होती.

पुढच्या पहिल्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी बाबाजींनी मला चवरी ढाळायला दिली. म्हणजे ग्रंथाच्या मागे उभं राहायचं, त्यांच्या अगदी खांद्याशी. मला पान स्वच्छ दिसत होतं. बाबाजींनी वाचायला सुरुवात केली, आणि मी माझी विद्या तपासायला म्हणून डावीकडच्या पहिल्या ओळीवर नजर लावली. जुळेना. मी वरची ओळ पाहिली, खालची पाहिली. बाबाजी म्हणत होते ते त्या पानावर कुठेच नव्हतं. माझंच शिक्षण कच्चं, असं म्हणून मी स्वतःला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या.

तेवढ्यात लाइट गेली. दालनात मिट्ट काळोख झाला.

बाबाजी वाचतच राहिले.

एक ओळ झाली, दुसरी झाली. आवाज कुठे अडखळला नाही. माझा चवरीचा हात मात्र थांबला.

"बाबाजी," मी म्हटलं, "लाइट गेलीय."

मग हातानं चाचपून त्यांनी पानावर रुमाल ओढला.

मेणबत्ती लावून आम्ही ग्रंथसाहिबांना आत निजवलं. मग लंगरात चुलीपाशी येऊन बसलो. मला राग आला होता, भीतीही वाटत होती, आणि कुठून सुरुवात करावी ते समजत नव्हतं.

"कधीपासून दिसत नाही?"

"उजेड कळतो. माणूस हाय का खांब, तेवढं कळतं. अक्षर दिसंना झालं ते पावसाळ्यापासून. शहरातला डॉक्टर म्हणला काचबिंदू हाय, गेलेली नजर माघारी यायची न्हाई."

"मग वाचता कसं?"

"पाठ हाय. जन्म गेला त्यात."

"पण पान कुठलंही उघडतं. काय उघडलंय ते तुम्हाला कसं कळतं?"

"कळंना."

मला जे विचारायचं होतं ते विचारण्याआधीच त्याचं उत्तर मला कळून चुकलं होतं. तरी विचारलं. "भाऊबीजेला वाचलात तो?"

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "त्या दिशी तू चपला काढायला लई वेळ लावलास. पाऊल जड वाजत होतं. सणाच्या दिशी बाईमाणूस असं येतंय म्हणल्यावर... दुसरं मला काय देता येत होतं?"

म्हणजे वरून कुणीही बघत नव्हतं. एक म्हातारा माझ्या चपलांचा आवाज ऐकत होता, आणि त्यावरून माझ्यासाठी ओळी शोधत होता. मला फसवल्यासारखं वाटलं. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याच क्षणाला वाटलं, आजवर माझ्यासाठी एवढी मेहनत कुणी घेतली होती?

"वाणी त्यांचीच हाय," बाबाजी म्हणाले, "पण निवड माझी. हुकूम म्हणजे काय, तर तिथं आपली निवड संपली. नि मी रोज त्यांच्या पुढ्यात बसून, त्यांच्या नावानं माझंच सांगत आलो. शिखानं करू नये असं ह्याच्यापरीस मोठं काय असंल?"

"आता मी आहे ना," मी घाईघाईनं म्हटलं. "मी पहिली ओळ हळूच वाचते. दोन शब्दांवरून तुम्हाला पद कळेल, पुढचं तुम्ही म्हणा. खराच हुकूम होईल तो. प्रीतपालसिंगांना काही सांगायची गरज नाही."

आशा वाटली की माणूस मान थोडी वर करतो, तशी त्यांनी केली. "उद्या पहाटे येशील? प्रकाश करताना, ग्रंथसाहिब उघडताना? पानं उजेडात बघून सांग मला, नीट हायत का. लई दिवस कुणी बघितली न्हाईत."

पहाटे मी न्हाऊन गेले. बाबाजींनी ग्रंथसाहिबांना पालखीत ठेवलं, रुमाल काढले, हात जोडून पान उघडलं. खिडकीतून उजेड येत होता.

"वाच," ते म्हणाले.

मी अक्षराला अक्षर लावत पहिली ओळ वाचली. त्यांना पद लगेच कळलं आणि ते पुढे म्हणू लागले. मी बोट न लावता नजरेनं ओळी पाहत होते. आता जुळत होतं, शब्दाला शब्द. त्यांचा आवाज कधी नव्हे इतका मोकळा लागला होता. आपलं जमणार, असं मला वाटलं.

मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी हलक्या हातानं पानं उलटायला घेतली. मधली ठीक होती. शेवटाकडे गेले आणि थबकले. कसर लागली होती. पानांच्या शिवणीकडून आत बारीक बारीक भोकं पडत गेली होती, काही ठिकाणी अक्षरं अर्धी खाल्लेली. पान हललं तसा पिवळा भुगा रुमालावर सांडला.

"कसं हाय?" बाबाजींनी विचारलं.

सगळं नीट आहे, एवढंच म्हणायचं होतं. त्यांना ते दिसणार नव्हतं. प्रीतपालसिंग तर कधी पान उघडत नसत. म्हटलं असतं तर संध्याकाळचा पाठ राहिला असता, लंगर राहिला असता, आणि माझी जायची जागा राहिली असती. मी ते म्हणणारच होते. पण मला उशीर झाला.

बाबाजींनी आपला हात पुढे केला. वर्षानुवर्षं ट्रकवर बारीक रेघा ओढलेली ती बोटं पानाच्या कडेवरून सावकाश आत सरकली आणि एका भोकावर थांबली. मग दुसऱ्या. मग ते सगळं पान त्यांनी कडेपासून कडेपर्यंत बोटांनी वाचलं.

"माझ्या पुढ्यात," ते म्हणाले. "मी रोज पुढ्यात बसत होतो."

ते रडतील असं मला वाटलं. रडले नाहीत. रुमाल झटकून आणायला मला सांगितलं, आणि मी परत येईस्तोवर दोन्ही हात जोडून बसून होते.

प्रीतपालसिंग आले. बाबाजींनी त्यांना दारातच सगळं सांगितलं, नजरेचं, हुकुमांचं आणि कसरीचं. प्रीतपालसिंग खाली मान घालून ऐकत होते. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाबाजी, या मॅडम वाचतात म्हणताय. एखादा महिना बघू. मी कमिटीला समजावतो."

"न्हाई," बाबाजी म्हणाले. "मला ठेवायचं म्हणून ग्रंथसाहिबांना ठेवायचं न्हाई."

मी मध्ये बोलले. विनवण्या केल्या, अगदी भांडले. मी नोकरीची वेळ बदलून घेते, दोन्ही वेळा येते, रोज एकेक पान बघते. बाबाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटी, तुझी बदली होईल तवा?"

दुपारपर्यंत शहरातून आणखी चौघं आले. गाडी धुतली, मागच्या सीटवर पांढरी चादर अंथरली. एकजण पुढे पाणी शिंपडत चालला. बाबाजी अनवाणी, ग्रंथसाहिबांना डोक्यावर घेऊन दालनातून बाहेर आले. प्रीतपालसिंगांनी त्यांच्या दंडाला धरलं होतं. मी फाटकाशी उभी होते. बाबाजींना काय सांगायचं ते मी मनाशी जुळवून ठेवलं होतं.

पण गुरू डोक्यावर असताना माणूस इकडेतिकडे बोलत नाही. ते नामस्मरण करत माझ्यासमोरून गेले. मान वळवता येत नव्हती, हात मोकळे नव्हते. चादरीवर बसले, ग्रंथसाहिब मांडीवर घेतले, आणि गाडी निघाली. ते शहरातल्या गुरुद्वारातच राहणार, एवढं मला प्रीतपालसिंगांनी घाईत सांगितलं होतं. फाटकाला कुलूप मीच लावलं.

पुढचे दोन महिने कसे गेले ते मी सांगत नाही. वैशाखात एका रविवारी शहराची बस पकडली.

तिथला गुरुद्वारा मोठा. दालन माणसांनी भरलेलं, कीर्तन चाललेलं. बाबाजी तिथे दिसले नाहीत. लंगराच्या मागच्या ओसरीवर सापडले. पाच-सहा बायाबाप्ये घोळका करून बसले होते, मध्ये लसणाचा हा एवढा ढीग, आणि बाबाजी गड्डे फोडता फोडता काहीतरी सांगून सगळ्यांना हसवत होते. ते एकटे नव्हते. मला बरं वाटायला हवं होतं, पण मला रडू आलं. मी डोक्यावर पदर घेतला, त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेत बसले आणि काही न बोलता लसूण सोलायला लागले.

थोड्या वेळानं बाकीचे पीठ मळायला उठले. आम्ही दोघंच राहिलो.

"सकाळचा हुकूम ऐकलास का, बेटी?" बाबाजी ढिगाकडे तोंड करूनच म्हणाले.

पावलावरून ओळखलं होतं त्यांनी मला. "नाही. बस उशिरा आली."

"मी ऐकलाय. सांगू? जसा ऐकला तसाच सांगतो, माझ्या मनचं काही न्हाई त्यात."

"नको," मी म्हटलं. "आज तुमच्या मनचाच सांगा."

त्यांनी हातातला गड्डा खाली ठेवला. मग मान हलवून म्हणाले, "आता ते व्हायचं न्हाई. अंदाजानं सांगायचे दिवस गेले. तूच सांग. काय झालंय?"

इतक्या महिन्यांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या कुणी विचारलं तर द्यायचं उत्तर माझ्याकडे तयार होतं, मिस्टर दुबईला असतात. लसूण अजून बराच होता. मी माझ्या लेकीपासून सांगायला सुरुवात केली.